क्लचचं झिजलेलं रबर

माझी नंदाआत्या गाडी चालवायला शिकवते. तुम्ही डोंबिवली पूर्वेला राहत असाल आणि तुमच्या घरातली एखादी बाई गाडी चालवत असेल, तर ती बहुतेक माझ्या आत्याच्या शिव्या खाऊनच चालवायला लागली असणार. शिव्या म्हणजे तशा नाहीत. "आरशात बघ गं, तो काय टिकली सरळ करायला लावलाय?" या जातीच्या. मीही त्या खाल्ल्या आहेत. सख्खी भाची म्हणून थोडी सवलत मिळेल अशी आशा होती, पण उलट दोन जास्तच वाट्याला आल्या.

'मांडवकर मोटर ट्रेनिंग स्कूल' सुरू केलं ते मारुतीकाकांनी, म्हणजे आत्याच्या नवऱ्याने. एक गाडी, एक टेबल आणि भिंतीवर गावच्या देवीचा फोटो, एवढाच पसारा. काका अचानक गेले तेव्हा माझा आतेभाऊ सुशांत शाळेत होता. दहाव्या-बाराव्याला जमलेल्या नातेवाइकांनी एकमुखाने सांगितलं की गाडी विकून टाक आणि गावी ये. आत्याने सगळ्यांना जेवायला वाढलं, मान डोलावली आणि दुसऱ्या महिन्यात शिकवायचं लायसन्स काढलं. बाईच्या हाताखाली शिकायला पुरुष येईनात. मग तिने पाटी रंगवून घेतली, 'फक्त महिलांसाठी', जणू पुरुषांना तिनेच नको म्हटलं होतं. बायका आल्या. मानपाड्याच्या, एमआयडीसीच्या, पार कल्याणहूनही आल्या. त्यातली एक आज स्कूल बस चालवते. ती रस्त्यात दिसली की आत्या थांबून बघत राहते आणि शेजारी जो कोणी असेल त्याला सांगते, "माझी आहे ती."

शिकवणीच्या गाडीत डाव्या बाजूला, शिकवणाऱ्याच्या पायाशी, आणखी एक ब्रेक आणि आणखी एक क्लच असतो. आत्याची उभी हयात त्या डाव्या सीटवर गेली. स्टिअरिंग कायम दुसरीच्या हातात. स्वतः उजवीकडे बसायची ती फक्त गाडी काढताना आणि लावताना, गल्लीपुरती. त्यातही टपावर स्कूलची पाटी, त्यामुळे मागून येणारा प्रत्येक जण ही शिकाऊच आहे असं धरून हॉर्नवर हात ठेवून बसायचा. या गोष्टीचा तिला फार राग होता. "मरायच्या आधी एक गाडी अशी घेणार," ती म्हणायची, "की जिच्यात आजवर कोणी शिकलेलं नसेल. उजवीकडे मी बसणार. आणि मागच्याने हॉर्न नाही मारायचा, बघत राहायचं."

आम्हाला वाटायचं, बोलायची एक पद्धत. तिच्या मनात ते किती खोल होतं हे मला कळलं ते एका जाहिरातीमुळे.

जाहिरात मीच दाखवली, तीही गंमत म्हणून. मोबाइलवर जुन्या वस्तू चाळत होते तर फोटो आला. बाटलीसारख्या हिरव्या रंगाची, बुटकी, दोनच सीटची, छप्पर काढता येणारी विलायती स्पोर्ट्स कार. एमजी कंपनीची, पन्नास वर्षांहून जुनी. खाली लिहिलेलं, 'एकाच घरात जपलेली, फक्त अकरा हजार मैल चाललेली, वर्तकनगर, ठाणे.' मी म्हटलं, "आत्या, ही घे तुला." तिने चष्मा लावला, फोटो मोठा केला, परत मोठा केला आणि म्हणाली, "फोन लाव."

आता बायको-मुलाचा झालेल्या सुशांतने घर डोक्यावर घेतलं. "आई, डोकं ठिकाणावर आहे का तुझं? दोनच सीट आहेत. मी, संचिता, पिल्लू, आम्ही बसायचं कुठे?"

"तुमची तुम्हाला आहे ना गाडी?"

"अगं, सामान कुठे ठेवशील?"

"नेणारच नाही."

"एसी पण नाहीये तिच्यात."

"छप्परच नाही, तर एसी कशाला?"

सुशांतने माझ्याकडे असं बघितलं की जणू गाडी मीच बनवली होती. "मी अशी एक बघायला गेलेलो एकदा मित्राबरोबर," तो म्हणाला. "पार्ट मिळत नाहीत, मेकॅनिक मिळत नाही. नुसती दारात उभी करून पूजा करायची." त्याचं अगदीच चुकत होतं असं नाही. पण आत्याने साठवलेलं तिचं होतं, आणि तिने कधी कोणाकडे हात पसरला नव्हता. शेवटी तो म्हणाला, "बघून ये, पण हो म्हणून येऊ नकोस."

रविवारी सकाळी आत्या ठेवणीतली नारायणपेठी नेसून खाली उतरली. मी हसले तर म्हणाली, "दात काढू नको. चांगल्या घरी चाललोय." शिकवणीच्या गाडीतूनच निघालो. चालवत मी होते, आत्या अर्थातच डावीकडे. शिळफाटा, मुंब्र्याचा बायपास, कळव्याचा पूल, सगळीकडे माझ्याआधी तिचा पाय ब्रेकवर.

"अकरा हजार मैल," ती वाटेत म्हणाली. "इतक्या वर्षांत. म्हणजे चाललीच नाही."

"मग चांगलंच ना? कोरी मिळतेय."

"कोरी कसली! उभी गाडी झिजत नाही, कुजते. रबर वाळतं, टायरला भेगा पडतात, टाकीत पेट्रोलचा चिकटा होतो. चाललेली गाडी निदान सांगते तरी कुठे दुखतंय ते. उभ्या गाडीचं काही कळत नाही."

"मग कशाला चाललोय आपण?"

"बघायला. मुलगी बघायला जातात तेव्हा काय लग्न लावूनच येतात?"

वर्तकनगरच्या मागे जुन्या बैठ्या बंगल्यांची एक छोटी सोसायटी आहे. आत सरळ एकच रस्ता, दोन्ही टोकांना गेट. विकणारे नयन टिपणीस गेटवरच उभे होते. साठीचे, मऊ आवाजाचे, इस्त्रीच्या शर्टातले गृहस्थ. त्यांनी सगळं सरळ सांगितलं. वडील पोखरण रोडवरच्या एका कंपनीत इंजिनियर होते. तिथला इंग्रज साहेब मायदेशी जाताना त्यांनी त्याच्याकडून ही गाडी घेतली. जपली ती इतकी की पावसाळ्यात काढली नाही, उन्हात ठेवली नाही. वडील जाऊन काही वर्षं झाली. आता बंगले पाडून टॉवर होणार, आणि टॉवरमध्ये गॅरेज नाही. "मेकॅनिककडून टाकी साफ करून घेतलीये, बॅटरी नवीन आहे, सुरू होते," ते म्हणाले. "आई म्हणाली, चांगल्या माणसाला द्यायची."

गॅरेजचं दार उघडलं. मी गाड्यांची शौकीन नाही, तरी माझ्या तोंडून "बाप रे" निघालं. फोटोत काहीच आलं नव्हतं. आत्या मात्र तोंडावरची सुरकुती हलू न देता कामाला लागली. खाली वाकून पत्र्याच्या कडा चाचपल्या. पायाखालची चटई उचलून हात फिरवला, वास घेतला. तेलाची कांडी काढून पदराला डाग लागू न देता बघितली. टायरवर नख दाबून म्हणाली, "हे चारही बदलायला लागतील." नयनरावांनी ते मान्य केलं. छताचं कापड दोन ठिकाणी विरलेलं, तेही त्यांनी आधीच सांगितलं होतं. आत्याच्या मानेवरून मला समजत होतं की तिला गाडी आवडली आहे. ती आवडलेल्या गोष्टीकडे तिरकं बघते.

मग ती उजवीकडचं दार उघडून आत बसली. दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले आणि समोर भिंत होती तरी लांबवर बघितलं. तिला त्या सीटवर असं निवांत बसलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. ब्रेक मारायची घाई नाही, कोणाला ओरडायचं नाही. मला एकदम भरून आलं. मनात म्हटलं, सुशांत गेला खड्ड्यात, घेऊनच टाक.

तेवढ्यात तिने खाली पायांकडे बघितलं.

बघितलं आणि तशीच राहिली. मग वाकून बोटाने काहीतरी चाचपलं. गिअरच्या दांड्याची मूठ प्रकाशाकडे धरून बघितली. बाहेर आली, दार लावलं आणि नयनरावांना म्हणाली, "तुमच्या गाडीचा मीटर खोटा आहे."

नयनरावांना वाटलं त्यांनी नीट ऐकलं नाही. "काय म्हणालात?"

"अकरा हजार मैल म्हणे! ब्रेकच्या पेडलच्या रबरावरच्या रेषा अजून जशाच्या तशा. आणि क्लचचं रबर? वरच्या कडेला तर लोखंड दिसतंय. गिअरच्या मुठीवरचे आकडे पुसून गेलेत. असं कधी होतं सांगू? माझ्या गाडीचं होतं. शिकवणीच्या गाडीचं. नवशिके दिवसभर क्लच दाबत बसतात. ही गाडी शिकवणीला चाललेली आहे, साहेब. हिच्यावर कोणीतरी शिकलंय, आणि एक-दोन दिवस नाही शिकलं."

"बाई, माझ्या वडिलांनी या गाडीला कोणाला हात लावू दिला नाही," नयनराव म्हणाले. मऊ आवाज आता मऊ राहिला नव्हता. "मलासुद्धा नाही. अशा गाडीवर शिकवणी घेईल कोण?"

"मग क्लच काय उंदरांनी खाल्ला?"

"मीटर जसा होता तसा आहे. तुम्हाला घ्यायची नसेल तर घेऊ नका, पण आमच्या घराला खोटं ठरवू नका."

"खोट्याला खोटं नाही म्हणायचं, तर काय आरती ओवाळायची?" आत्या म्हणाली, आणि मला, "चल गं रुचिता."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. इतका सज्जन माणूस, आणि ही ठेवणीतली साडी नेसून त्याच्या दारात भांडतेय. पण माझी आत्या रागाने बोलत नव्हती, हे मला दिसत होतं. तिचे डोळे भरले होते. सगळ्या आयुष्यात एक गाडी मनात भरली, आणि तीही शिकवणीचीच निघाली.

"नयन, त्यांना थांबव," मागून आवाज आला.

बंगल्याच्या पायरीवर एक बाई उभ्या होत्या. ऐंशीला टेकलेल्या, बारीक चणीच्या, हातात काठी, पण काठीवर भार नाही. नयनरावांच्या आई, विमलाबाई. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

"त्या बरोबर बोलताहेत," विमलाबाई म्हणाल्या. "ही गाडी शिकवणीलाच होती. विद्यार्थीण मी."

विमलाबाई सावकाश खाली आल्या आणि गाडीच्या दारावर हात ठेवून उभ्या राहिल्या.

"मीटर खरा आहे हो," त्या आत्याला म्हणाल्या. "गाडी कुठे गेलीच नाही. हे ऑफिसला आणि नयन शाळेत गेला, की दुपारी मी गॅरेजचं दार आतून लावून घ्यायचे आणि इथे बसायचे. किल्ली यांच्या खिशात असायची. पण गिअर टाकायला किल्ली लागत नाही. रविवारी हे मला फिरायला न्यायचे, तेव्हा यांचे पाय बघून ठेवायचे. मग आठवडाभर सराव."

"आई, आठवडाभर म्हणजे?" नयनरावांनी विचारलं. "कधीपासून?"

"तू दुसरीत होतास तेव्हापासून. तू नोकरीला लागलास तरी चालूच होतं." त्या किंचित हसल्या. "नाशिकला माझं माहेर. रोज दुपारी जाऊन यायचे. भिवंडीचा फाटा, शहापूर, मग कसाऱ्याचा घाट. घाटात दुसरा गिअर. इगतपुरी आली की तिसरा. एसटीने इतक्या वेळा गेलेले, वळण न् वळण पाठ होतं. चार वाजता नयन यायचा, त्याच्या आत परत."

आत्याने अगदी हळू विचारलं, "यजमानांना कधी विचारलं नाहीत?"

"विचारलं एकदा. हसले. वाईट नाही हसले, प्रेमानेच हसले. म्हणून पुन्हा नाही विचारलं."

आत्याने पदराने डोळे टिपले. तिने कोणाची माफी मागितलेली मला आठवत नाही, पण त्या दिवशी मागितली, आणि सरळ मागितली. "नयनराव, माझं चुकलं. मी तुम्हाला नको ते बोलले." तेवढं बोलून झाल्यावर मात्र तिला राहवेना. ती पुन्हा खाली वाकली. "पण विमलाबाई, रबर फक्त वरच्या कडेला का झिजलंय? पूर्ण पाय का नाही ठेवायचात?"

"पोचायचा नाही. हे उंच होते. मी चवड्याने दाबायचे."

"मग सीट पुढे घ्यायची!"

"यांना कळलं असतं."

आत्याने पदर कमरेला खोचला, सीटखाली हात घातला आणि खटका शोधला. सीट जागची हलेना. इतक्या वर्षांत ती कोणी सरकवलीच नव्हती. "नयनराव, तेल आणा, कुठलंही. रुचिता, तू मागून ढकल." तेल आलं. आम्ही दोघींनी जोर लावला, आणि कर्रकन आवाज करत सीट पुढे गेली, अगदी शेवटच्या खाचेपर्यंत. मग आत्या उठली, उजवं दार सताड उघडलं आणि म्हणाली, "बसा."

मला माहीत होतं ती काय करतेय. ही गाडी चालवून बघायची होती ती आत्याला. त्यासाठी ती साडी होती, त्यासाठी सुशांतशी भांडण होतं. आणि आता ती स्वतः फिरून डाव्या दाराकडे गेली.

नयनराव घाबरले. आईचं वय, आईचे डोळे, आईचं लायसन्स. आत्या म्हणाली, "डोळ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय का? झालंय ना, मग दिसतंय. लायसन्स रस्त्यावर लागतं. सोसायटीच्या आत, गेट बंद करून, पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये. मी आहे ना." रस्त्यात क्रिकेट खेळणारी पोरं बाजूला झाली. वॉचमनने दोन्ही गेटं लावली. बंगल्याबंगल्यांच्या ग्रिलमागे माणसं येऊन उभी राहिली.

पहिल्यांदा गाडी जागच्या जागी आचके देऊन बंद पडली. दुसऱ्यांदाही. मला वाटलं आत्या आज तरी गोड बोलेल. कसलं काय! "अहो विमलाबाई, समोर बघा समोर! गिअरकडे काय बघताय, तो पळून चाललाय का? आणि क्लच म्हणजे काय पायपुसणं आहे? कणकेत पाणी घालतो तसा सोडा, हळूहळू."

"जरा हळू बोला हो," नयनराव म्हणाले.

"नयन, तू मध्ये बोलू नकोस," विमलाबाई म्हणाल्या. "माझी शिकवणी चालली आहे." त्यांचा चेहरा असा फुललेला होता की मला वाटतं त्यांना कित्येक वर्षांत कोणी ओरडलंच नसावं.

तिसऱ्यांदा गाडी निघाली. बैलगाडीच्या वेगाने निघाली, पण निघाली. रस्त्याच्या मध्यावर विमलाबाईंनी समोरची नजर न काढता क्लच दाबला आणि दुसरा गिअर टाकला. जराही आवाज झाला नाही. मी दहा वर्षं गाडी चालवतेय, माझा इतका स्वच्छ कधी पडला नाही. आत्याच्या पायाखाली आज ब्रेक नव्हता. तिने दोन सीटांमधला हँडब्रेक मुठीत धरून ठेवला होता. शेवटाला गेटपाशी गाडी वळवून घेतली आणि दोघी परत आमच्याकडे यायला लागल्या, तेव्हा मी बघितलं, आत्याने तो हात काढून मांडीवर ठेवला होता. तिच्या हाताखालून इतक्या जणी गेल्या, पण असा मान कोणाला मिळालेला मी पाहिला नाही, मला तर मुळीच नाही. मी ओरडून टाळ्या वाजवल्या, आणि ग्रिलमागच्या सगळ्यांनी वाजवल्या.

गाडी थांबली. नयनरावांनी दार उघडून आईला हात दिला आणि आत्याकडे वळून म्हणाले, "मांडवकर बाई, तुम्ही रागावू नका. पण आता ही गाडी मला विकवत नाही."

आत्याचा चेहरा पडला. तिने तो लगेच सावरला. "बरोबर आहे तुमचं," ती म्हणाली. "मीही नसती विकली." आणि ती पर्स घेऊन निघालीच होती.

"गाडी कोणाच्या नावावर आहे, नयन?" विमलाबाईंनी विचारलं.

"तुझ्या, आई."

"मग ठरवणार मी. तू काय करशील? टॉवरच्या खाली नेशील आणि वर पांघरूण घालशील. यांनी तेच केलं. प्रेमाने केलं, पण केलं ते तेच." मग त्या आत्याकडे वळल्या. "नंदाबाई, खरं सांगा. क्लच झिजलेला, टायर गेलेले, छत विरलेलं. तुम्हाला हवी आहे का?"

"हवीये," आत्या म्हणाली. "सकाळी मला अशी गाडी हवी होती की जिच्यावर कोणी शिकलेलं नाही. आता मला हीच हवी. अहो, माझ्याकडे बायका फी भरून येतात, आणि चार दिवसांत पाय दुखतो म्हणून घरी बसतात. तुम्ही किल्ली नसताना घाट चढलात. तुमच्यासारखी एक जरी माझ्याकडे आली असती ना, तर मी दारावर तोरण बांधलं असतं."

"आले की आज," विमलाबाई म्हणाल्या, आणि किल्ली आत्याच्या हातावर ठेवली.

सुशांतला हे सगळं सांगितलं तेव्हा तो आधी चिडला, आणि मग त्यानेच कुठून कुठून शोधून टायर मागवले. कागदपत्रं व्हायला दोन महिने लागले. क्लचचं रबर बदलायचं का असं मेकॅनिकने विचारलं, तर आत्याने त्याला असं झापलं की तो बिचारा चहा न पिताच गेला.

ज्या रविवारी गाडी पहिल्यांदा रस्त्यावर काढली, त्या दिवशी ती कुठे न्यायची हे कोणी कोणाला विचारलं नाही. छत उघडं टाकलेलं. उजवीकडे आत्या, डावीकडे मी. आमच्या बिल्डिंगच्या बायका गॅलरीत आल्या होत्या, आणि आत्या त्यांच्याकडे न बघता बघत होती. शिळफाट्याला टेम्पोवाल्याने स्वतःहून जागा दिली. कळव्याच्या सिग्नलला एका बाइकवाल्या पोराने हेल्मेट वर करून विचारलं, "काकी, कोणती आहे?"

"एमजी."

"नवी हेक्टर का?"

"तुझ्या आजोबांच्या वेळची आहे. बाजूला हो." पूल ओलांडेपर्यंत ती हसत होती. माझी आत्या इतकी सुरेख गाडी चालवते हे मला त्या दिवशी कळलं. मी आजवर तिला गल्लीबाहेर चालवताना पाहिलंच नव्हतं.

विमलाबाई गेटवर तयार होत्या. पायात कॅनव्हासचे बूट, काठी नयनरावांच्या हातात. आम्ही थांबलो तशा त्या सरळ उजव्या दाराशी आल्या आणि पर्समधून एक कागद काढून आत्यासमोर धरला. लर्निंग लायसन्स. डॉक्टरचा दाखला घेतला होता, कॉम्प्युटरवरची परीक्षा दिली होती, आणि आम्हाला कोणाला पत्ता लागू दिला नव्हता. लाल कागदाचा एलसुद्धा त्यांनी स्वतः कापून आणला होता.

"नंदाबाई," त्या म्हणाल्या, "उतरा आणि पलीकडे बसा."

आत्याने कागद उलटसुलट करून नीट तपासला. फोटो बघितला, तारीख बघितली. मग उतरली, सीट पुढे घेतली आणि मला म्हणाली, "ऊठ गं, तुझं काय काम आहे इथे?" मी फुटपाथवर आले. ती माझ्या जागी बसली, पदर खोचला आणि ओरडली, "आधी आरसा! कितींदा सांगायचं?"

गाडी गेटातून बाहेर, भर रस्त्याला लागली. मालकीण डावीकडे बसली होती, आणि डोंबिवलीहून येताना उजवीकडे बसूनसुद्धा तिची मान इतकी ताठ नव्हती. वळणावरच्या पानवाल्याने मला विचारलं, "कोण आहेत हो त्या?"

"डावीकडची माझी आत्या आहे," मी म्हटलं. "आणि चालवतायत त्या तिच्या विद्यार्थीण."